साताऱ्यात बसून होलोकॉस्टची गोष्ट कशी लिहायची

होलोकॉस्टवर, म्हणजे हिटलरच्या नाझींनी युरोपातल्या ज्यू लोकांची जी कत्तल केली तिच्यावर, मराठीत गोष्ट लिहायचीये पण आपण राहतो साताऱ्यात, पोलंड बघितलेलं नाही, जर्मन येत नाही, ओळखीत एकसुद्धा ज्यू घर नाही, मग हा विषय आपण घ्यावा का, असं लिहिणारी बरीच पोरंपोरी विचारतात. घ्यावा, जरूर घ्यावा. पण पहिलं वाक्य लिहायच्या आधी एक ठरवून टाका, की यात आपल्या मनानं काय रचायचं नाही. बाकीच्या गोष्टीत आपण काय रचायचं याचा विचार करतो, इथे उलटं करायचं. साठ लाख ज्यू माणसं मारली गेली, त्यांची नावं आहेत, गाड्यांच्या तारखा आहेत, याद्या आहेत, आणि तरीही असं काही झालंच नाही म्हणणारे लोक जगात आहेत, त्यांना आपल्या गोष्टीतली एक चुकीची तारीख पुरते.

आणि आपल्याकडे याची गरज जास्तच आहे असं मला मनापासून वाटतं. हिटलरचं आत्मचरित्र आपल्याकडे एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मराठीत मिळतं, घेणारी पोरं ते व्यक्तिमत्त्व विकासाचं पुस्तक म्हणून घेतात, कडक मास्तरला शाळेत हिटलर म्हणतात आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. आपण वाईट आहोत म्हणून हे होत नाही, ती माणसं आपल्याला कधी भेटलीच नाहीत म्हणून होतं. भेटवून देणं हे गोष्टीचं काम आहे.

मी एका दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहिली, व्हिएन्नाहून निसटून साताऱ्यात येऊन पडलेल्या एका डॉक्टरबाईची आणि तिच्या मुलीची. बाई आणि मुलगी दोघी माझ्या मनातल्या, पण त्यांच्या भोवतीचं जग खरं. ती लिहिताना जी पद्धत बसत गेली ती खाली सांगतेय.

आपल्या गावातनं आत जा

थेट ऑशविट्झपासून, म्हणजे पोलंडमधल्या नाझींच्या त्या कुप्रसिद्ध कॅम्पपासून, सुरुवात करू नका. तिथल्या बराकीबद्दल तिथे राहिलेल्या माणसांनी लिहून ठेवलंय, बोलून ठेवलंय, त्याच्यावर आपण साताऱ्यातनं भर घालावी असं काही उरलेलं नाही. आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही, ते म्हणजे इकडची बाजू. ती बाजू आहे का, तर आहे, आणि लोकांना वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

औंध घ्या. औंध संस्थानात १९३९ च्या जानेवारीत जी राज्यघटना लागू झाली, राजानं आपली सत्ता गावांच्या हातात दिली, ज्याला औंधचा प्रयोग म्हणतात, त्याच्यामागे गांधीजी होते, राजे भवानराव पंतप्रतिनिधी होते, त्यांचा मुलगा अप्पासाहेब पंत होते, आणि मॉरिस फ्रीडमन होता. हा फ्रीडमन कोण, तर वॉर्सामध्ये जन्मलेला पोलिश ज्यू, पेशानं इंजिनियर, बंगळूरला कारखान्यात काम करायला आलेला आणि मग इकडचाच झालेला माणूस. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, जिथे कैद्यांना भिंतीशिवाय शेतीवर ठेवलं, त्या कल्पनेतही तो होता. म्हणजे ज्या वर्षात वॉर्सावर बॉम्ब पडले त्याच वर्षात वॉर्साचा एक ज्यू आपल्या माणदेशात कैद्यांना मोकळं ठेवायच्या गोष्टी करत होता. हे वाचलं तेव्हा मी जागेवरनं उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या.

दुसरी वाट कॅम्पची. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटननं जर्मनीशी युद्ध पुकारलं आणि व्हाइसरॉयनं भारतालाही त्यात ओढलं, की लगेच इथल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसांना शत्रू देशाचे नागरिक म्हणून पकडायला सुरुवात झाली. अहमदनगरला मोठा कॅम्प होता. आणि पकडताना पासपोर्ट बघितला, माणूस बघितला नाही, त्यामुळे हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूसुद्धा हिटलरचे नागरिक म्हणून आत गेले. पुढे चौकशी समिती बसली, मुंबईत १९३४ पासून ज्यू रिलीफ असोसिएशन होती तिनं खटपट केली, बरेच ज्यू सुटले, आणि १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर भीती वाढली तेव्हा त्यातले काही परत आत. कुटुंबांसाठी पॅरोल कॅम्प, म्हणजे अटींवर ठेवायचे कॅम्प, होते, त्यातला एक पुरंदरला आणि एक आपल्या साताऱ्यात. साताऱ्यात! मिशनरी लोकांची बायकामुलं इथे ठेवलेली होती. माझ्या डॉक्टरबाईला मी यातनंच साताऱ्यात आणलं.

तिसरी वाट वळिवड्याची, सांगलीकरांना जवळची, कोल्हापूरशेजारी. १९४३ ते १९४८ तिथे साधारण ५००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं, त्यांची शाळा होती, चर्च होतं. पण ही वाट घेणार असाल तर सावध राहा. हे लोक मुख्यतः कॅथलिक होते, आणि त्यांना घरातनं उचललं ते नाझींनी नाही, सोव्हिएत रशियानं, १९४० आणि ४१ मध्ये, सैबेरिया कझाकस्तानात नेलं, तिथून सुटून इराणमार्गे ते इकडे आले. त्यांची कहाणी भयंकर आहे, मोठी आहे, लिहिण्यासारखी आहे, पण ती होलोकॉस्टची कहाणी नाही. दोन्ही दुःखं एका पातेल्यात ओतली की दोन्हींची चव जाते. वळिवड्यावर लिहायचं तर वळिवड्यावरच लिहा.

आणि कोकणातले बेने इस्रायली? हे मराठी बोलणारे ज्यू, अलिबाग रेवदंड्याकडचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. त्यांच्यावर नाझींचा हात पोचला नाही, म्हणून त्यांना बळी दाखवू नका, पण युरोपातनं आलेल्या बाईला मुंबईत किंवा पुण्यात साडी नेसलेली, आपल्यासारखं मराठी बोलणारी ज्यू बाई भेटणं, हा प्रसंग पूर्णपणे शक्य आहे आणि तो मराठीतच लिहिला जाऊ शकतो.

तारखेवरनं माणूस तपासा

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकदा आपलं पात्र कुठल्या शहरातलं, किती वयाचं, कधी निघालं हे ठरलं की पुढचं अर्धं आयुष्य आपण ठरवायचं नसतं, ते ठरलेलं असतं.

माझी बाई व्हिएन्नाची. १२ मार्च १९३८ ला जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि काही दिवसात व्हिएन्नात ज्यू लोकांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना, डॉक्टर प्रोफेसरांना रस्त्यावर गुडघ्यावर बसवून फरशा घासायला लावलं, भोवती गर्दी हसत उभी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आइकमन या नाझी अधिकाऱ्यानं तिथे एक ऑफिस उघडलं, ज्यू लोकांना देशाबाहेर काढायचं, एका दारानं माणूस घरदार, बँकेतलं खातं, हक्क घेऊन आत जायचा आणि दुसऱ्या दारानं फक्त पासपोर्ट घेऊन बाहेर यायचा. ऑक्टोबर १९३८ पासून त्या पासपोर्टवर ज्यू म्हणून लाल J हे अक्षर. १ जानेवारी १९३९ पासून नावात सक्तीनं भर, बाईच्या नावात सारा आणि पुरुषाच्या नावात इस्राएल. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनी ऑस्ट्रियात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली, दुकानं फोडली, आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून डाखाऊ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउजेनला नेलं. त्यातले बरेच सुटले, देश सोडतो असं दाखवल्यावर. म्हणजे व्हिसा मिळाला तर नवरा परत. डॉक्टरबाई व्हिसासाठी वेड्यासारखी का पळते याचं कारण मला मनातनं काढावं लागलं नाही, ते कायद्यात लिहिलेलं होतं. निघताना १० मार्क न्यायची परवानगी. त्रिएस्तेहून इटालियन कंपनीची बोट, सुएझ, एडन, मुंबई.

आता बघा, ही बाई १९३९ च्या सुरुवातीला निघाली, तर तिनं पिवळा तारा कधी लावलाच नाही. जर्मनी ऑस्ट्रियात तो सप्टेंबर १९४१ मध्ये सक्तीचा झाला. पोलंडच्या वॉर्सात तर पिवळा नव्हताच, तिथे पांढऱ्या पट्टीवर निळा तारा, दंडावर. सिनेमे बघून आपल्या डोक्यात सगळ्यांच्या छातीवर पिवळा तारा आणि सगळ्यांच्या हातावर गोंदलेला नंबर बसलेला असतो. नंबर फक्त ऑशविट्झमध्ये गोंदत, आणि तिथेही गाडीतनं उतरल्या उतरल्या ज्यांना गॅसकडे पाठवलं त्यांना नंबरसुद्धा मिळाला नाही. तुमच्या पात्राच्या हातावर नंबर असेल तर त्याला ऑशविट्झमधनं जावंच लागेल, मग कधी, कुठल्या गाडीनं, कुठल्या शहरातनं, हे सगळं जुळवत मागे या. जुळत नसेल तर नंबर काढून टाका.

मागे राहिलेल्या लोकांचंही तसंच. डॉक्टरबाईचे आईवडील व्हिएन्नात राहिले. सवयीनं कुणीही लिहील, त्यांना ऑशविट्झला नेलं. पण व्हिएन्नाच्या गाड्या बघा. १९४१ च्या फेब्रुवारी मार्चमध्ये पोलंडमधल्या छोट्या गावांकडे, ऑक्टोबर ४१ मध्ये पोलंडच्या वूच शहरातल्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, नोव्हेंबरात कौनासकडे, डिसेंबरपासून रीगाकडे, मग मे ते ऑक्टोबर १९४२ मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तेनेत्सकडे, आणि जून ४२ पासून म्हाताऱ्या लोकांना थेरेसिएनश्टाटच्या घेटोत, जिथून त्या सप्टेंबर ऑक्टोबरात गाड्या पुढे ट्रेब्लिंकाला गेल्या. गाड्या सुटायच्या आस्पांग स्टेशनावरनं. माली त्रोस्तेनेत्सला ऑस्ट्रियातनं ९,००० ते १०,००० माणसं गेली, जंगलात खड्ड्याच्या काठावर गोळ्या घातल्या किंवा बंद ट्रकमध्ये धूर सोडून मारलं, त्यातली जिवंत परत आलेली वीससुद्धा नव्हती. मराठीत कुणी या जागेचं नाव ऐकलेलं नाही. म्हणूनच आईवडिलांना मी तिकडच्या गाडीत बसवलं, आणि त्या गाडीची तारीख टिपून ठेवायला माझा हात धजत नव्हता, कारण पात्र माझं असलं तरी गाडी खरी होती.

छळाचे कॅम्प आणि फक्त मारण्यासाठी बांधलेले कॅम्प यातही फरक करा. डाखाऊ १९३३ पासूनचं, तिथे माणूस राबायचा, उपाशी राहायचा, मरायचा, कधी सुटायचाही. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक इथे राबवायला मागे ठेवलेले थोडे कैदी सोडले तर राहायला जागाच नव्हती म्हणा, गाडी आली की दोनतीन तासात संपलं. त्यामुळे ट्रेब्लिंकात गाडीतनं उतरलेलं आपलं पात्र वर्षभर बराकीत राहून मैत्रिणी करतंय असं लिहू नका.

दोन रकान्यांची वही

साधी शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर तिकडचं, उजव्या पानावर सातारा सांगली. मला सगळ्यात जास्त गोष्ट या वहीनं दिली.

२२ जुलै १९४२, वॉर्सा घेटोतनं ट्रेब्लिंकाकडे गाड्या सुरू, २१ सप्टेंबरपर्यंत साधारण २,६५,००० माणसं. समोरच्या पानावर ८ ऑगस्ट, गवालिया टँक, छोडो भारत. ९ सप्टेंबर १९४२, वडूजच्या कचेरीवर मोर्चा, परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरची माणसं गोळीबारात गेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर. १९ एप्रिल १९४३, वॉर्सा घेटोतल्या पोरांनी पिस्तुलं आणि पेटत्या बाटल्या घेऊन जर्मन सैन्याशी लढाई केली. ७ जून, शेणोलीला गाडी लुटली. २४ जुलै, वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर. २ ऑगस्ट, ट्रेब्लिंकातल्या कैद्यांचा उठाव. जेमतेम वर्षभरातली ही सगळी माणसं, बरीचशी वीस बावीस वर्षांची.

एक सांगते, हे शेजारी शेजारी लिहिलं म्हणजे सारखं झालं असं नाही. इंग्रजांनी आपल्यावर जुलूम केला, पण वाळव्यातली किंवा कुंडलची प्रत्येक आई आणि प्रत्येक तान्हं मूल गाडीत भरून संपवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. वहीत समोरासमोर ठेवा, तुलना गोष्टीत करू नका, वाचणारा काय ते बघेल.

त्याच वहीत तिसरा एक छोटा रकाना करा, कुणाला काय कधी कळलं. आपल्याला शेवट माहितीये, पात्राला नाही. १७ डिसेंबर १९४२ ला मित्र राष्ट्रांनी जाहीर सांगितलं की जर्मनी ज्यू लोकांना संपवतेय, लंडनच्या संसदेत ते वाचून दाखवलं. म्हणजे साताऱ्यातली बाई सप्टेंबर ४२ मध्ये अजून पत्राची वाट बघत असणार, काळजी करत असणार, पण गॅस हा शब्द तिच्या मनात येऊ शकत नाही. आला तर ती बाई तिथे राहिली नाही, तिच्या जागी तुम्ही येऊन बसलात. सातारा म्हणजेसुद्धा तेव्हाचा सातारा घ्या हं, वाळवा तासगाव खानापूर सगळं सातारा जिल्ह्यातच होतं, सांगली हे वेगळं संस्थान, औंध वेगळं. दक्षिण सातारा १९४९ ला झाला आणि त्याचं नाव सांगली जिल्हा १९६० मध्ये पडलं. १९४२ च्या गोष्टीत सांगली जिल्ह्याचे कलेक्टर आले असं लिहाल तर इथलाच एखादा आजोबा पुस्तक मिटून ठेवेल.

शोधायचं कुठं

जवळजवळ सगळं फुकट आणि मोबाईलवर आहे, फक्त चिकाटी लागते. जर्मनीतलं आरोल्सन अर्काइव्ह्ज, तिथे नाझींच्या कॅम्पांची मूळ कागदपत्रं, तीन कोटींच्या घरात, स्कॅन करून बरीच ऑनलाइन ठेवलीयेत. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकाचा नावांचा डेटाबेस, त्यात नातेवाइकांनी स्वतःच्या हातानं भरलेले फॉर्म आहेत, आईचं नाव, गाव, धंदा, शेवटचं कुठे दिसली. त्यातले काही फॉर्म नुसते वाचत बसा, गोष्टीसाठी नाही, अंदाज यावा म्हणून, की एका माणसाबद्दल मागे किती थोडं उरतं. ऑस्ट्रियासाठी व्हिएन्नातल्या ऑस्ट्रियन प्रतिकार दस्तऐवज केंद्राची (DÖW) यादी आहे, तिथे गाडीची तारीखसुद्धा मिळते. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमचा ज्ञानकोश सोप्या इंग्रजीत आहे, सुरुवात तिथून करा.

मग माणसांचा आवाज. शोआ फाउंडेशननं १९९४ पासून वाचलेल्या लोकांच्या वगैरे ५०,००० पेक्षा जास्त साक्षी रेकॉर्ड केल्या, त्यातल्या बऱ्याच यूट्यूबवर आहेत. दोन दोन तास माणूस बोलतो, ते पूर्ण ऐका, कट करून नको. कुठे थांबतो, कुठे हसतो, कुठली गोष्ट दोनदा सांगतो. पण त्यांचं वाक्य उचलून आपल्या पात्राच्या तोंडात घालायचं नाही. ते त्यांचं आहे. दोन माणसांच्या आयुष्यातले प्रसंग शिवून एक पात्र करत असाल तरी इतकं सैल करा की मूळ माणूस ओळखू येणार नाही.

इकडच्या बाजूसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल आहे, रजिस्ट्रेशन करायचं आणि इंटर्नमेंट, पॅरोल, एनिमी फॉरेनर्स, सातारा, पुरंधर असे शब्द इंग्रजी स्पेलिंगनं टाकून बघायचं, आणि स्पेलिंग बदलून बदलून बघायचं कारण इंग्रजांनी आपल्या गावांची नावं दहा तऱ्हेनं लिहिलीत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिकडे एक फेरी मारून या. बाकी साताऱ्याच्या नगर वाचनालयात बसा, त्या काळची वर्तमानपत्रं, मासिकं, जाहिराती, भाव, कुठल्या तेलाची जाहिरात होती, रेशनवर काय मिळत होतं. युद्धात रॉकेल मिळत नव्हतं हे एक वाक्य घरातल्या संध्याकाळचं सगळं चित्र बदलतं.

फोटोंबद्दल एक नियम पाळा, फोटो बघून वर्णन लिहायच्या आधी कॅमेरा कुणाच्या हातात होता ते शोधा. हात वर केलेल्या छोट्या मुलाचा वॉर्साचा फोटो सगळ्यांनी बघितलाय, तो एसएसच्या, म्हणजे नाझींच्या सशस्त्र दलाच्या, अधिकाऱ्यानं घेटो उद्ध्वस्त केल्याच्या रिपोर्टला जोडलेला फोटो आहे. ऑशविट्झच्या फलाटावर हंगेरीच्या बायकामुलांचे १९४४ मधले फोटो, तेही एसएसच्याच कॅमेऱ्यातले. म्हणजे त्या फोटोवरनं तुम्ही वर्णन लिहिलंत तर मारणारा जिथे उभा होता तिथे उभं राहून लिहिताय. याच्या उलट वॉर्सा घेटोत इमानुएल रिंगेलब्लूम आणि त्याच्या सोबत्यांनी काय केलं, तर आतूनच सगळं जमवलं, रेशनची कार्डं, मुलांचे निबंध, चॉकलेटचे कागद, पत्रं, आणि पत्र्याच्या पेट्या आणि दुधाच्या कॅनमध्ये घालून जमिनीत पुरलं. १९४६ ला एक भाग सापडला, १९५० ला दुसरा. या दोन प्रकारच्या पुराव्यातला फरक कळला की तुमचं लिहिणं आपोआप बदलतं.

रात्री झोपायच्या आधी यातलं काहीही वाचू नका. सकाळी वाचा, मग उठून अजिंक्यताऱ्यावर चालून या.

गोष्टीत खुपणारी जागा कुठली

सगळी माहिती जमली की मोह होतो चांगली बाई आणि प्रेमळ सातारकर अशी गोड गोष्ट करायचा. तसं करू नका. त्या काळात इथला एखादा तरुण काय ऐकत होता? १९४२ पासून आझाद हिंद रेडिओ जर्मनीतनं बोलत होता, सुभाषबाबू एप्रिल १९४१ पासून फेब्रुवारी १९४३ पर्यंत तिकडेच होते. प्रति सरकारमधल्या पोराला, ज्याच्या भावाला पोलिसांनी झोडपून काढलंय, जर्मनी म्हणजे इंग्रजाचा वैरी, म्हणजे आपला मित्र, एवढंच कळणार. त्यात त्याचा दोष किती काढायचा? आणि शेजारच्या घरात राहणाऱ्या बाईला त्याच जर्मनीनं घरातनं हाकललंय. तो लपवून आणलेला रेडिओ तिच्याच पडवीत लावतो कारण पोलीस गोऱ्या बाईच्या घराची झडती घेणार नाहीत. रेडिओतनं आधी जर्मन आवाज येतो. ती काय करेल? हा प्रसंग मी रचलेला आहे, पण त्यातलं दोघांचंही वागणं त्या काळात बसतं, आणि माझी सगळी गोष्ट या एका प्रसंगाभोवती उभी आहे. दोघांपैकी कुणालाही मूर्ख करू नका. पोरगा कुंडलकडचा असेल तर तसा बोलू दे, "बाई, त्ये साहेबाला हाणत्यात, आमाला आनि काय पायजे," असं. आणि बाईला लगेच भाषण देऊ देऊ नका, ती रेडिओ बंद करते एवढं पुरे.

बोलीबद्दल आणखी थोडं. बाई आणि मुलगी आपसात जर्मन बोलत असणार, ते सरळ साध्या मराठीत लिहा, त्यात आपल्या म्हणी, देवाधर्माचे वाक्प्रचार येऊ देऊ नका. ती जेव्हा गड्याशी किंवा भाजीवालीशी बोलेल तेव्हा मोडकं हिंदुस्थानी, चार मराठी शब्द. मुलगी मात्र सहा महिन्यात अस्सल साताऱ्याचं बोलायला लागेल, मुलांचं तसंच असतं, आणि आईला मुलीचं बोलणं कळेनासं होतं हे दुखणं तुम्हाला फुकटात मिळतं.

फ्रीडमन, नाना पाटील, अप्पासाहेब पंत अशी खरी माणसं गोष्टीत येणार असतील तर लांबनं येऊ द्या. कुणीतरी म्हणालं औंधला एक पोलिश इंजिनियर आहे, इतकं चालेल. त्यांच्या तोंडी आपली वाक्यं नकोत.

पंचवीस शब्द

युद्धात शत्रू देशातल्या नातेवाइकांशी बोलायचा मुख्य मार्ग होता रेड क्रॉसचा फॉर्म. जिनिव्हामार्गे जायचा, सेन्सॉर व्हायचा, महिने लागायचे, आणि त्यात जास्तीत जास्त २५ शब्द, तेही फक्त घरगुती. लिहायला बसायच्या आधी तुम्ही एक असा फॉर्म मराठीत लिहून बघा, बरोबर २५ शब्दांत, माझं ऐका. माझ्या गोष्टीतल्या आईचा हा:

"लाडके, आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा खोकला आता कमी झाला. तुझं पत्र मिळालं. मावशी प्रवासाला गेली, पत्ता नाही. नातीला जप. गरम कपडे घाल. तुझी आई."

मोजा, पंचवीस भरतात. आईला सातारा किती गरम असतो ते माहीत नाही, सेन्सॉरमुळे ती घाबरली आहे म्हणता येत नाही, आणि प्रवासाला गेली म्हणजे काय ते त्या वर्षी व्हिएन्नात प्रत्येक घराला समजत होतं, लेकीला साताऱ्यात समजेल की नाही हे तिला माहीत नाही. हा फॉर्म मे १९४२ मध्ये लिहिलेला आणि साताऱ्यात पोचला तो पावसाळा संपता संपता, वडूजच्या गोळीबाराच्या बातम्या चालू असताना. मधल्या काळात गाडी गेलेली आहे. गोष्टीत मी हे कुठेच सांगितलं नाही, फक्त दोन तारखा दिल्या.

आणि म्हणूनच गॅस चेंबरच्या आतलं दृश्य लिहू नका. कुणीही लिहिलेलं मला पटलेलं नाही. तिथून बाहेर येऊन कुणी सांगितलेलं नाही, त्यामुळे तिथे आपण जे लिहू ते शंभर टक्के रचलेलंच असणार, आणि रचायचं नाही असं आपण पहिल्यांदा ठरवलेलं तेच हे. दारापर्यंत जा, फलाटापर्यंत जा, मागे राहिलेल्या घरापर्यंत जा. माझी गोष्ट तर साताऱ्याच्या बाहेर गेलीच नाही.

पहिला खर्डा झाला की दोन जणांना वाचायला द्या, एक इतिहास शिकवणारा आणि एक काहीच माहीत नसलेला. पहिला तारखा पकडेल. दुसऱ्याला मध्येच विचारा, आता पुढे काय होईल असं वाटतंय, त्यानं लगेच बरोबर सांगितलं तर पात्राला अजून तुमची माहिती चिकटलेली आहे, तो भाग परत लिहा. संपादक म्हणेल शेवटी जरा काहीतरी आशादायक टाका, दिवाळी अंक आहे. वाकू नका. युद्ध संपल्यावर खूप लोकांनी याद्या बघत वर्षं काढली आणि यादीत नाव नव्हतं, आशा म्हणून ते नाव आपण घालायचं नाही.

शेवटी गोष्टीखाली अर्ध्या पानाची टीप द्या. काय खरं ते आधी लिहा, साताऱ्यातला कॅम्प, व्हिएन्नाच्या गाड्या, २५ शब्दांचा फॉर्म, वडूज. मग काय रचलं ते लिहा, बाई, मुलगी, पोरगा, रेडिओ, पत्राचा मजकूर. छापताना जागा कमी पडली की ही टीपच पहिली कापतात, म्हणून गोष्ट पाठवतानाच संपादकाला सांगून ठेवा की टीप गेली तर गोष्टही छापायची नाही.